एक तार बाकी

मंडळाचे चिटणीस समोरून येताना दिसले, की वाद्यं घडवणारे कारागीर मागच्या दाराने पळ काढत. तंतुवाद्यं घडवणाऱ्या जुन्या कारागिरांपैकी एकाचा दरवर्षी सन्मान करायचा, असा मंडळाचा स्तुत्य उपक्रम होता. पण झालं होतं असं, की ज्याचा सन्मान केला तो पुढच्या वर्षीचा समारंभ बघायला उरला नव्हता. एक नाही, दोन नाही, ओळीने तिघे. आता पिकली पानं कधीतरी गळायचीच म्हणा. पण लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार? चिटणिसांना लोक ‘यमाचा कारकून’ म्हणायला लागले.

वास्तविक चिटणीस बिचारे सरळमार्गी. नुकतेच कचेरीतून निवृत्त झालेले. टेबलावर एक कागद बाकी ठेवून ते आयुष्यात कधी घरी गेले नव्हते. यंदाचा सन्मान अजून बाकी आहे, या विचाराने त्यांना अन्न गोड लागेना.

शेवटी गल्लीच्या टोकाचे म्हातारे कारागीर तेवढे उरले. चिटणीस त्यांच्या कारखान्यात शिरले आणि दारातच थबकले. उजेड बेताचा, सरसाचा उग्र वास, आणि तुळईला टांगलेली बिनतारांची वाद्यं, सगळी मान खाली घालून. भुशाने चिटणिसांना खोकला आला. त्यांचा खोकला थांबला, पण खोली खोकायची थांबेना.

“क-कोण आहे?”

“अंऽऽऽ,” कोपरा घोगऱ्या आवाजात म्हणाला.

“घाबरू नका, गिऱ्हाइकाचं वाद्य आहे,” कारागीर लाकडातून मान वर न काढता म्हणाले. “तारा आहेत त्याला. तारेशी सूर जुळणारा आवाज कानावर आला की उत्तर देतं. सन्मानाचं सांगायला आलात ना?”

“तरीच काल कुत्रं रडत होतं,” आतून कारागिरांच्या घरच्या काकू म्हणाल्या.

“तसं काही नसतं हो, काकू! ते तिघे आपापल्या वयाने गेले.”

“मग हे काय तरणेताठे आहेत?”

“येतो मी,” कारागीर म्हणाले. “दोन्ही मुलांना भुसा सोसत नाही. माझ्यामागे इथे बसणारं कुणी नाही. मी गेलो की या खोलीला कुलूप. निदान कौतुक तरी ऐकून घेतो. पण हे माझ्याबरोबर येणार.” त्यांनी समोरच्या काळ्याभोर वाद्यावरून हात फिरवला. सगळ्या तारा चढवलेल्या, फक्त शेवटची खुंटी रिकामी.

“त्याला हात मात्र लावू नका,” काकूंनी बजावलं. “काम बाकी आहे त्याचं.”

बाकी! तो शब्द चिटणिसांच्या डोक्यात जाऊन बसला तो बसलाच.

समारंभाच्या संध्याकाळी कारागीर आणि काकू बाहेर चहा घेत होते आणि रंगमंचामागच्या खोलीत चिटणीस त्या वाद्याजवळ एकटेच. रिकामी खुंटी त्यांच्याकडे बघत होती. वाद्याच्या पेटीत गुंडाळलेली तारही होती. ‘नजर गेली असणार हो म्हाताऱ्याची,’ चिटणिसांना गहिवरून आलं. लहानपणी ते थोडंफार शिकलेले. त्यांनी तार ओवली, खुंटीला गुंडाळली, पिळली. खुंटी इतक्या सहज फिरली की जणू कुणी पलीकडून मदत करत होतं. तार ताणली गेली आणि भिंतीवरचा आरसा थरथरला.

“झालं एकदाचं!” चिटणिसांनी हात झटकले.

कारागीर मंचावर आले. टाळ्यांचा कडकडाट झाला, आणि शेजारच्या मेजावर ठेवलेलं वाद्य आपोआप बोललं. टाळ्या थांबल्या. आवाज थांबेना. लोक एकमेकांकडे बघायला लागले. पहिल्या रांगेत काकू ताडकन उभ्या राहिल्या. कारागिरांनी एकेका तारेवरून बोट नेलं आणि शेवटच्या तारेशी ते अडकलं.

“ही कुणी चढवली?” ते शेजारी बसलेल्या चिटणिसांच्या कानाशी कुजबुजले. आवाज विरल्यावर सुरू झालेलं अध्यक्षांचं भाषण आता कुठे रंगात येत होतं.

“मीच. उरकून टाकलं तुमचं काम. आभार वगैरे नकोत.”

“अहो, काय करून बसलात! गिऱ्हाइकांची शंभर पुरी करा, पण स्वतःचं एक वाद्य कायम बाकी ठेवायचं असतं आमच्यात. हातातलं काम संपल्याशिवाय वरून बोलावणं येत नाही. ते तिघे कसे गेले वाटलं तुम्हाला? तुमच्या मंडळाला काचेच्या कपाटासाठी त्यांचं घरचं वाद्य हवं होतं ना? दिलं बिचाऱ्यांनी पुरं करून.”

ते मागायला चिटणीसच गेले होते. “लवकर उरका,” असंही म्हणाले होते.

“दादा, मी तुम्हाला मारलं हो!” त्यांचे डोळे भरून आले.

“मला कशाला? शेवटची तार ज्याने चढवली, त्याच्या हातचं वाद्य. माझं काम अर्धवटच राहिलं की. मी सुटलो.”

चिटणिसांच्या डोळ्यांतलं पाणी जागच्या जागी सुकलं.

“...आणि आपले चिटणीस,” अध्यक्ष गरजले, “यांनी तर या कार्यासाठी प्राण पणाला लावले!”

टाळ्या. आणि मेजावरून पुन्हा तोच लांबच लांब आवाज. चिटणीस वाद्याकडे झेपावले.

“तार काढतो मी! आत्ता काढतो!”

“काढून काय उपयोग? वाजली ती. अख्ख्या सभागृहाने ऐकली.”

“मग उपाय सांगा हो काहीतरी!”

“दुसरं करायला घ्या. स्वतःच्या हाताने. ते चालू आहे तोवर...” कारागिरांनी खांदे उडवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंनी कारखान्याचं दार उघडलं, तर उंबऱ्यावर चिटणीस. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता. त्यांनी धोतरासारखं फडकं कमरेला गुंडाळलं आणि कानस हातात घेतली. पहिल्याच आठवड्यात तळहातांना फोड आले. तरी गडी हटला नाही. घरी बायको विचारी, “काय वेड लागलंय का तुम्हाला?” तिला काय सांगणार, कप्पाळ!

एकदा न राहवून त्यांनी हळूच विचारलं, “काकू, खरंच असं असतं का हो?”

“खरं-खोटं कुणी पाहिलंय?” काकू भुसा झाडत म्हणाल्या. “माझे सासरे हसायचे या गोष्टीला.”

“हो? मग?”

“मग काय, तो काय तिथे त्यांचा फोटो.”

चिटणिसांनी फोटोकडे बघितलं नाही. त्यांनी कानस उचलली.

बऱ्याच महिन्यांनी त्यांनी घासूनपुसून गुळगुळीत केलेलं आपलं लाकूड भीत भीत कारागिरांपुढे ठेवलं. कारागिरांनी ते बोटाने ठोकलं, कानाशी धरलं आणि कारलं चावल्यासारखं तोंड केलं.

“अहो, इतकं भिकार काम मी जन्मात पाहिलं नाही! फेका ते. पहिल्यापासून सुरू करा.”

चिटणिसांचा चेहरा उजळला. “म्हणजे अजून बराच वेळ लागेल?”

“तुमचा हात बघता,” कारागीर नवा ओंडका त्यांच्यापुढे सरकवत म्हणाले, “आम्हा सगळ्यांना पोचवून मगच निघाल तुम्ही.”