तीन घंटा आणि साखरेचा खडा

आमच्या धाकट्या लेकीला, तास्याला, जुळं झालं त्या वर्षाची, म्हणजे सेहेचाळीस सालची ही गोष्ट. त्या वर्षी अख्ख्या लेनिनग्रादमध्ये भीतीवरचा उपाय एकाच माणसाला ठाऊक होता, आणि तो माणूस म्हणजे मी!

हसू नका. युद्धात शहराला जर्मनांचा वेढा पडला ती वर्षं वजा जाता एकवीस वर्षं मी प्रयोगशाळेतली कुत्री सांभाळली. अक्षरओळख मला चव्वेचाळिसाव्या वर्षी झाली, तीही पिंजऱ्यांवरच्या पाट्या वाचून. पण घंटा वाजवून लगेच मांसाची भुकटी दिली, असं वीसेक वेळा केलं, की पुढे नुसत्या घंटेनं कुत्र्याची लाळ गळते, हे मला पक्कं ठाऊक; कारण ती पुसायचो मी! आणि घंटेबरोबर विजेचा चटका दिला, तर तेच कुत्रं नुसती घंटा ऐकून शेपूट घालतं.

माझ्या बायकोचं, पेलागेयाचं असंच झालं होतं. आमच्या घरात सात बिऱ्हाडं आणि दाराला घंटा एकच. दोनदा वाजली तर पाहुणा ट्रामवाल्या पोलिकार्पचा, तीनदा वाजली तर आमचा. दुसऱ्याच्या घंटेला दार उघडायचं नाही, हा नियम. मोडला की आठवडाभर भांडण! बेचाळीसच्या डिसेंबरात घंटा तीनदा वाजली, आणि टपालवाली कागद देऊन गेली. आमचा मुलगा व्हेन्या आघाडीवर बेपत्ता. तेव्हापासून तीन घंटा ऐकल्या की पेलागेया कपाटामागे जाऊन कान झाकून उभी राही.

"अगं, बेपत्ता म्हणजे मेला नव्हे," मी म्हणालो. "उद्या पोरगा आला तर किती वेळा वाजवेल?"

"तीनदा," कपाटामागून आवाज आला.

"आणि मी कामावर असलो तर?"



मग मी उपाय सुरू केला. रोज कामावरून आल्यावर तीनदा घंटा वाजवायची, आत शिरायचं आणि रेशनच्या साखरेचा खडा तिच्या तोंडात ठेवायचा. पंधराव्या दिवशी ती हसत पुढे आली आणि पिलासारखा आ वासून उभी राहिली! मी स्वयंपाकघरात छाती फुगवून सांगितलं, "बघा! याला म्हणतात शास्त्र!"

दुसऱ्याच दिवशी मी घरी मोजे रफू करत बसलो होतो आणि घंटा तीनदा वाजली. धुराडी तपासणारा आला होता. पेलागेया अशी पळाली, की चहाची किटली माझ्या पायावर!

"शास्त्र फार गरम आहे हो तुमचं!" पोलिकार्प म्हणाला.

लंगडत प्रयोगशाळेतल्या डॉक्टरबाईंकडे गेलो, सगळं सांगितलं.

"त्रोफिम सावेलिच, जिना चढताना तुम्ही खोकता का?"

"खोकतो की."

"मग साखर कशाशी जोडली गेली? घंटेशी की तुमच्या खोकल्याशी?"

मी कपाळ बडवलं. माझ्या बुटांच्या आवाजानंच कुत्र्यांची लाळ गळते, प्रयोग बिघडतो, म्हणून याच बाईंनी मला कापडी चपला घालायला लावल्या होत्या!

त्यांनी समजावलं, "भीतीला दुरून, हळू बोलवा. आधी फुलपात्रावर चमचा तीनदा वाजवा आणि तिला गोड चहा द्या. मग आवाज थोडा वाढवा. ती घाबरली की मागे या. घाई नको. शेवटी खरी घंटा, आणि वाजवणारे तुम्ही नकोत."

महिनाभर चमचा झाला. मग खऱ्या घंटेसाठी पोलिकार्पला बाहेर पाठवलं. त्यानं सवयीनं दोनदा वाजवली, आणि आपल्याकडे कोण आलं म्हणून स्वतःच आत धावला! पुढे सगळी बिऱ्हाडं पाळीपाळीनं वाजवू लागली. मोबदल्यात त्यांनाही चहा. तीन घंटा झाल्या की सातही दारांतून कप बाहेर! पोलिकार्पची बहीण गावाहून आली, बिचारीनं दोनदा वाजवली. हा आत तिसरीची वाट बघत बसला, ती बाहेर गारठली!

पण पेलागेया दार उघडू लागली. स्वतः! "कोण आलंय?" असं चारचौघींसारखं विचारू लागली.

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी दुपारी घंटा तीनदा वाजली. आम्ही सगळे स्वयंपाकघरात होतो. पोलिकार्पनं डोकी मोजली. आमच्यापैकी बाहेर कुणीच नव्हतं.

मी उठलो.

"बस, म्हाताऱ्या," ती म्हणाली. "पाय भाजलाय तुझा. मी जाते."

तिनं हात पुसले, रुमालाखाली केस सारखे केले, आणि गेली. कपाटाकडे पाहिलंही नाही. दार उघडल्याचा आवाज आला, मग टपालवालीचा. पेलागेयानं सहीच्या जागी फुली केली, कागद आणून माझ्यापुढे ठेवला.

"वाच."

मी बोट ठेवून, अक्षर अक्षर जोडत वाचलं. मला पटकन वाचता येत नाही. ती उभीच होती.

सोमवारी डॉक्टरबाईंनी विचारलं, "काय त्रोफिम सावेलिच, उपाय लागू पडला?"

"पडला," मी म्हणालो. "दार तिनंच उघडलं."

आमचा मुलगा व्हेनियामीन एकोणीसशे बेचाळीसच्या ऑगस्टच्या एकोणतीस तारखेला, रुग्णालयात नेताना गाडीतच गेला. तेवीस वर्षांचा होता.