खाली ये, ताट वाढलंय

कप्तानाने आयुष्यात एकही लहान गाणं केलं नव्हतं आणि या गोष्टीचा त्याला कोण अभिमान! दिवसा तो लिफ्ट दुरुस्त करायचा. संध्याकाळी गच्चीवरच्या खोलीत त्याचा 'शून्यगुरुत्व' हा स्पेस रॉक बँड जमायचा. गिटार आणि गाणं कप्तानाचं, सिंथेसायझरवर मेहुणा आणि ड्रमवर दातांचे डॉक्टर. गाणी सगळी तारे, तेजोमेघ आणि अनंत पोकळीबद्दल. एक गाणं म्हणजे निदान पाऊण तास.

या बँडची एक खासियत होती. गाणं कुठे थांबवायचं हे तिघांपैकी कुणालाच ठाऊक नसे. मंचावर धुराचं मशीन लावलं की कुणाला कुणाचं तोंड दिसत नसे, मग खुणा काय डोंबल करणार? त्यामुळे अलिखित नियमच पडला होता. मशीनच्या टाकीतलं पाणी संपलं, धूर विरला, एकमेकांचे चेहरे दिसले, की गाणं संपलं.

कप्तानाची आई प्रत्येक कार्यक्रमाला पहिल्या रांगेत बसायची. लेकाचं कौतुक म्हणून यायची, पण वाद्यं जरा हळू झाली की तिचा खणखणीत आवाज सभागृहभर जायचा, "झालं का रे?"

आणि गाणं झालेलं नसायचं.

मागच्या अल्बमची गत काय सांगावी! नातेवाइकांनी घेतला, तोही भिडेखातर. शेवटी अल्बम काढणाऱ्या कंपनीच्या मॅडमनी कप्तानाला बोलावून घेतलं.

"गाणं सुरू कधी होतं?" त्यांनी विचारलं.

"अर्ध्यावर," कप्तान ताठ मानेने म्हणाला. "आधी वातावरण."

"वातावरण पुरे आता. तीन मिनिटांची गाणी करा. स्वयंपाक करताना गुणगुणता आली पाहिजेत. मी स्वतः कार्यक्रमाला येते. जमलं तर अल्बम, नाहीतर राम राम."

कप्तान घरी आला तो फणफणतच. "पॉप म्हणे! मी पॉप करू?"

"करा की," बायको म्हणाली. "बिघडलं काय?"

"भाऊजी, हा अल्बम गेला तर मी सिंथेसायझर विकणार," संध्याकाळी गच्चीवर मेहुण्याने सांगून टाकलं. डॉक्टरही मान खाली घालून म्हणाले, "मलाही घरून शेवटची ताकीद आहे." म्हणजे अल्बम गेला की बँड गेला.

तीन दिवस तो गच्चीवर डोकं धरून बसला. सुचेल तर शपथ! चौथ्या दिवशी जिन्यातून आईची नेहमीची हाक आली. गेली वीस वर्षं ती रोज हीच हाक मारत होती आणि वीस वर्षं तो "आलो, आलो" म्हणत वरच बसत होता.

"खाली ये रे, ताट वाढलंय!"

कप्तानाने गिटार उचलली. अंतराळात हरवलेला लेक आणि जमिनीवरून हाका मारणारी त्याची आई! दोन कडवी आणि एक ध्रुवपद, बस्स. दुसऱ्या दिवशी बायको भांडी लावताना तेच गुणगुणत होती. कप्तान दाराआड उभा राहून ऐकत होता. छाती अशी फुगली होती की शर्टाच्या बटणाची काळजी वाटावी. पण तोंडाने म्हणाला, "ठीक आहे, तडजोड म्हणून."

राहिला प्रश्न थांबायचा. मोजून पाहिलं, डॉक्टरांचे आकडे चुकले. शेवटी मेहुण्याने तोडगा काढला. टाकीत वाटीभरच पाणी घालायचं. वाटीभर पाण्यात बरोबर तीन मिनिटांचा धूर! तालमीत गाणं असं चपखल थांबलं की तिघांनी एकमेकांना मिठ्या मारल्या.

कार्यक्रमाच्या दिवशी कप्तानाने स्वतःच्या हाताने वाटी ओतली आणि तो कपडे बदलायला गेला. तेवढ्यात आई सुनेला घेऊन मंचामागे आली. तिने मशीनचं झाकण उघडून पाहिलं. टाकीच्या तळाला जेमतेम ओल!

"अगंबाई! घाईत विसरली वाटतं पोरं," ती सुनेला म्हणाली. "एवढ्या मोठ्या मॅडम यायच्या आणि माझ्या लेकाचा धूर कमी पडायचा? शोभतं का?"

शेजारीच कॅन होता. माउलीने टाकी काठोकाठ भरली, झाकण घट्ट लावलं आणि पदराला हात पुसत पहिल्या रांगेत जाऊन बसली.

गाणं सुरू झालं. दोन कडवी झाली, ध्रुवपद झालं. आता धूर विरणार, म्हणून कप्तानाने नजर वर केली. धूर होता त्याच्या दुप्पट! 'तीन मिनिटं व्हायची असतील अजून,' असं म्हणून त्याने ध्रुवपद पुन्हा घेतलं. मग पुन्हा. मेहुण्याला वाटलं, भाऊजी रंगात आलेत. डॉक्टरांना वाटलं, आपलाच हिशेब पुन्हा चुकला. थांबेना कुणीच.

"थांबवा रे!" कप्तान ओरडला, पण ड्रमपुढे कोण ऐकतो! चाचपडत मशीनकडे निघाला, तर गिटारची वायर खुर्चीत अडकली. एव्हाना धूर मंचावरून उतरून प्रेक्षकांत शिरला होता. मॅडम कुठे बसल्यात तेही दिसेना. 'गेलं, सगळं गेलं,' कप्तानाच्या मनात आलं. आणि दुसरं काही हाताशी नसल्याने त्याने पुन्हा ध्रुवपदच घेतलं.

एव्हाना ते सगळ्यांना पाठ झालं होतं. धुरातून आधी एक आवाज आला, मग दहा, मग अख्खं सभागृह, "खाली ये रे, ताट वाढलंय!" आणि त्या सगळ्यांच्या वर एक खणखणीत आवाज होता. त्या आवाजाला तालमीची गरज नव्हती. कप्तानाने गाणं सोडलं आणि तो नुसतीच गिटार वाजवत राहिला.

पाऊण तासाने टाकी रिकामी झाली. धूर विरला, चेहरे दिसले, वाद्यं थांबली. त्या शांततेत पहिल्या रांगेतून प्रश्न आला, "झालं? एवढ्यातच?"

हशा आणि टाळ्यांनी छत हादरलं. मॅडम डोळे पुसत मंचावर आल्या. धुराने की कशाने, कुणास ठाऊक. "अल्बम पक्का! पण हे गाणं असंच हवं हं, पाऊण तासाचं."

कप्तान ताठ झाला. "जमणार नाही, मॅडम. हे पॉप गाणं आहे. तीन मिनिटं म्हणजे तीन मिनिटं. तत्त्वाशी तडजोड नाही!"

मेहुण्याने कपाळावर हात मारला. पण कप्तान हटला नाही आणि अल्बम तीन-तीन मिनिटांच्या गाण्यांचाच निघाला. वेष्टनावर त्या गाण्याखाली छापलं होतं, 'शब्द : आई'.

आता ते गाणं रस्त्यारस्त्यावर ऐकू येतं. शेजारणी कौतुक करायला आल्या की आई वेष्टन पुढे करते, आपल्या नावावरून बोट फिरवते आणि जिन्याकडे मान वळवून म्हणते, "अख्खं गाव हाका मारतंय त्याला. तरी मेला अजून वरच बसलाय!"