पुढच्या दाराच्या पायऱ्या

सिरिल कॅरिव्हनने त्या रविवारी बर्फाचं फावडं उचललं आणि परसातल्या शेडमध्ये नेऊन ठेवलं. एवढंच. दुसऱ्या एखाद्या मुलखात याला आवराआवर म्हणाले असते. पण हे न्यूफाउंडलंड, तारीख मार्चची सतरा, आणि सेंट पॅट्रिकच्या सणाला फावडं आत ठेवणारा माणूस या किनाऱ्यावर एक तर परका असतो, नाहीतर गाढव. सिरिल इथलाच. अठ्ठ्याहत्तर वर्षं इथलाच. (उरलं काय ते समजून घ्या.)

सेंट पॅट्रिक येऊन गेला की मागोमाग शीला येते, झाडू घेऊन. ती त्याची बायको, की बहीण, की मोलकरीण, यावरून इथे दारूच्या गुत्त्यात डोकी फुटली आहेत. पण ती झाडते, यावर दुमत नाही. वर्षाचा उरलासुरला सगळा बर्फ ती एका शेवटच्या वादळात गावावर लोटून देते आणि मगच हिवाळा जातो. तोवर फावडं पडवीत, दाराशी, हाताला लागेल असं ठेवायचं.

सिरिलला हे आईच्या दुधाबरोबर मिळालेलं. पण त्याला राग आला होता, आणि राग आला की सिरिलची अक्कल चरायला जाते. (राग नसतानाही ती फार लांब नसते असं त्याची बायको म्हणायची.)

बायको म्हणजे लोरेटा. दोन वर्षांपासून ती डोंगरापलीकडच्या वृद्धाश्रमात होती. आधी चुलीवर किटली ठेवून विसरायला लागली, मग चूल कुठे ते विसरली. आता तिला सेंट जॉन्सच्या मोठ्या आश्रमात हलवणार होते. गाडीने पाच तास. सिरिलचे डोळे अधू झाल्यापासून तो पाच मिनिटंही गाडी चालवत नव्हता. जायच्या आधी एक दिवस तिला घरी आणायचं ठरलं होतं. तिनेच मागितलं होतं. "कुठलं घर ते आठवतंय तोवर ने मला," म्हणाली होती.

तो एक दिवस आधीच्या गुरुवारी ठरला होता. बुधवारी रेडिओवरची बाई म्हणाली, साठ सेंटिमीटर बर्फ, वादळी वारे, घराबाहेर पडू नका. आश्रमाने व्हॅन रद्द केली. गुरुवारी असं लख्ख ऊन पडलं की मांजरं छपरावर लोळली. सिरिल दिवसभर फावडं मांडीवर घेऊन पडवीत बसला होता. एक कण पडला नाही. संध्याकाळी त्याने रेडिओला अशी शिवी घातली की ती इथे लिहिता येत नाही.

व्हॅन सोमवारवर गेली. रविवारी तीच बाई त्याच गोड आवाजात म्हणाली, "उद्या निरभ्र, सुंदर दिवस." एकदा खोटं बोलून झालं, आता तरी खरं बोलेल, असा हिशोब करून सिरिलने फावडं उचललं. पडवी झाडली, पुसली. लोरेटाला पडवीत पसारा चालायचा नाही.

संध्याकाळी फोनवर लोरेटाने त्याला आधी जोसेफ म्हटलं. जोसेफ तिचा भाऊ, एकोणीस वर्षांपूर्वी गेलेला. सिरिलने दुरुस्त केलं नाही.

"शीलाने झाडलं का रे?" तिने विचारलं.

"रेडिओ म्हणतो निरभ्र आहे."

"रेडिओच्या गुडघ्यात कळ येते का? माझ्या येते. फावडं कुठाय?"

"पडवीत," सिरिल म्हणाला.

"खोटारडा सिरिल," ती म्हणाली. नाव या वेळी बरोबर घेतलं.

सोमवारी सकाळी तो उठला तेव्हा घरात अंधार होता. घड्याळात आठ वाजले होते. त्याला वाटलं, गेले, उरलेले डोळेही गेले. चाचपडत दिवा लावला तर दिसायला लागलं. खिडक्याच बर्फाने लिंपल्या होत्या. मागचं दार बाहेर उघडणारं. त्याने खांदा लावला, ढुंगण लावलं, शेवटी एका संताचं नावही लावलं. दार हललं नाही. फावडं शेडमध्ये, शेड बर्फात, आणि सिरिल घरात. रेडिओ लावला. बाई म्हणत होती, "सर्वत्र सुंदर सकाळ."

त्याने शेजारच्या डॉम पॉवरला फोन केला.

"डॉम, माझं मागचं दार दिसतंय का?"

"दार? मला तुझं छप्परच शोधावं लागतंय. फावडं मार की आतून."

सिरिल लिंपलेल्या खिडकीकडे बघायला लागला.

"सिरिल, फावडं कुठाय?"

"शेडमध्ये."

"नाही! अरे बाबा! सतरा तारखेला? मेरी, ए मेरी, इकडे ये, ऐक हा काय म्हणतोय—"

सिरिलने फोन ठेवला.

उरलं पुढचं दार. इकडच्या घरांना पुढचं दार असतं, पण त्यातून कुणी जात नाही. सगळा गाव मागच्या दाराने, स्वयंपाकघरातून येतो. सिरिलच्या पुढच्या दाराला तर पायऱ्याच नव्हत्या. दार उघडलं की खाली साडेतीन फूट हवा. चव्वेचाळीस वर्षांपूर्वी घर बांधलं तेव्हा तो म्हणाला होता, पायऱ्या पुढच्या उन्हाळ्यात. लोरेटा दर उन्हाळ्यात आठवण करायची आणि तो दर उन्हाळ्यात तेच उत्तर द्यायचा, "त्या दारातून येणार पाद्री आणि जाणार शवपेटी. दोघांनाही घाई नाही." गावभर हशा व्हायचा. लोरेटाही हसायची. पहिली पाच-सहा वर्षं तरी.

त्याने दाराच्या फटीतली गोधडी ओढून काढली, पट्ट्या सोलल्या, कडी ठोकून वर केली. दार आत उघडलं. समोर उंबऱ्याला लागून सपाट पांढरं अंगण, एखाद्या ओट्यासारखं. वा, म्हणाला सिरिल. हातात मांस भाजायचा पत्र्याचा ट्रे घेतला, फावड्याच्या जागी, आणि ऐटीत पाऊल टाकलं.

काखेपर्यंत गेला.

डॉम बर्फ उडवायचं यंत्र घेऊन आला तेव्हा सिरिल नुसता वरचा अर्धा शिल्लक होता, ट्रे डोक्यावर धरलेला.

"काय वाढू?" डॉमने विचारलं.

"काढ मला. आज लोरेटा यायचीय."

डॉमचं हसणं थांबलं. "आज कसली येते, रस्ताच नाही."

खरंच आश्रमातून फोन आला. मोठ्या आश्रमातली जागा गुरुवारी घ्यायची आहे, म्हणून आणलं तर उद्याच, नाहीतर नाही. आणि दारापर्यंत नीट वाट, नीट पायऱ्या नसतील तर ड्रायव्हर तिला खाली उतरवणार नाही.

मागच्या बाजूला बर्फ वळचणीला टेकला होता. दोन म्हाताऱ्यांचं तीन दिवसांचं काम. डॉम पुढच्या दाराकडे बघत राहिला. "इथे उंबऱ्याबरोबर आहे बघ. वाट मी यंत्राने काढतो. तू यातच पायऱ्या कोर."

सिरिलने पायऱ्या कोरल्या. डॉमच्या फावड्याने, गुडघ्यावर बसून, पाठ मोडेपर्यंत. पाच पायऱ्या. वरून पाणी शिंपडून गोठवल्या, घसरू नये म्हणून चुलीतली राख टाकली. लाकडाच्या करायला एक शनिवार लागला असता, हे तिसऱ्या पायरीला त्याच्या लक्षात आलं. मग तो थोडा वेळ तिथेच बसून राहिला. डॉमने विचारलं, "दमलास?" तो म्हणाला, "हो."

मंगळवारी व्हॅन आली. ड्रायव्हरने एका बाजूने धरलं, सिरिलने दुसऱ्या. लोरेटा पायऱ्यांपुढे थांबली. बराच वेळ बघत राहिली. सिरिलला वाटलं, घर ओळखलं नाही.

"केल्यास तर अखेर," ती म्हणाली.

डॉमला खोकला आला.

"केल्या," सिरिल म्हणाला.

"डावीकडे कलल्यात."

"हो."

"रंग चांगला दिलास. पांढरा." आणि ती एकेक पायरी मोजत चढली, चव्वेचाळीस वर्षांत पहिल्यांदा आपल्या घराच्या पुढच्या दाराने आत आली, आणि थेट बैठकीच्या खोलीत बसली. या खोलीत कुणी बसायचं नाही असा तिचाच नियम होता.

सिरिलने खारं मांस, कोबी, सलगम उकडून ठेवलं होतं. ती म्हणाली मीठ जास्त झालंय. मीठ बरोबर होतं, पण असं कुणी म्हणून त्याला दोन वर्षं झाली होती. त्याने दुसऱ्यांदा वाढून घेतलं आणि ताटात खाली बघून जेवला.

व्हॅन चारला परत यायची होती. रेडिओ म्हणाला, थंडी टिकेल, कोरडी हवा. दोन वाजता पाऊस लागला. कोमट, दक्षिणेचा, धो धो. चारला ड्रायव्हर वाटेवर छत्री धरून उभा राहिला आणि वर बघायला लागला. पायऱ्यांची लापशी झाली होती. त्याने पाऊल ठेवलं तर बूट आत राहिला, पाय बाहेर आला.

"इथून कसं उतरवू त्यांना?" तो ओरडला.

"नाही उतरवता येणार!" सिरिल दारातून ओरडला. एवढ्या आनंदाने तो गेल्या कित्येक वर्षांत ओरडला नव्हता.

"रेडिओ तर म्हणाला—"

"रेडिओला काही बोलू नकोस!"

तर अशी ती एक रात्र जास्तीची मिळाली, फुकट, हवामानाच्या चुकीमुळे. त्या रात्रीचं सांगण्यासारखं काही नाही. दोन म्हातारी माणसं अंथरुणात पडली. एक जागं होतं.

बुधवारी डॉम आणि ड्रायव्हरने तिला स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसवून, खुर्चीसकट, पुढच्या दारातून खाली दिलं. खाली सिरिल हात वर करून उभा होता. त्या दारातून काय जातं यावर त्याने आयुष्यभर विनोद केला होता. लोरेटाने त्याच्याकडे बघितलं.

"पाद्री आलाय का?" तिने विचारलं.

"नाही गं."

"मग रडतोस कशाला? मी बसलेली आहे, आडवी नाही."

व्हॅन वळणावरून गेली. डॉमने सिरिलच्या खांद्यावर हात ठेवला आणि मग, दुसरं काही सुचेना म्हणून, विचारलं, "फावडं काढून देऊ का शेडमधून?"

मे महिन्यात सिरिलने पायऱ्या केल्या. लाकडाच्या. पाच. तीन वेळा उचकटून परत ठोकल्या, कारण त्या डावीकडे कलत होत्या. कठडा केला, पांढरा रंग दिला, वर अनवाणी चालून बघितलं कुठे खिळा वर आलाय का. सगळं गाव येऊन बघून गेलं. मागच्या दाराने आलं आणि मागच्या दाराने गेलं.

मग त्याने सेंट जॉन्सला फोन लावला. नर्सने फोन तिच्या कानाशी धरला.

"लोरेटा, मी सिरिल. मी पायऱ्या केल्या गं. पुढच्या दाराच्या."

"परत?" ती म्हणाली. "आणि आधी केल्या होत्यास त्यांचं काय झालं?"

सिरिलने नव्या पायऱ्यांकडे बघितलं. एक शनिवार लागला होता.

"वितळल्या," तो म्हणाला.

"तुझं सगळं काम असंच," लोरेटा म्हणाली, आणि नर्सला सांगितलं, "फावडं पडवीत ठेवायला सांग त्याला."