मंजु, टिंब, ला

महाडच्या बाजारपेठेतल्या सायबर कॅफेत शिरताना रामजीनं चपला दाराबाहेर काढल्या. बाकी कुणी काढल्या नव्हत्या. पण इथं बसून साऱ्या जगात जाता येतं असं त्यानं ऐकलं होतं. मग हे देवळापेक्षा कमी कसं?

कशेडीच्या पायथ्याशी त्याची खाणावळ होती. ती चालवली बायकोनं, आणि बायको शिमग्याआधी गेली. मुंबईची गिऱ्हाइकं म्हणत, "इंटरनेटवर नाव टाका." खाणावळीला नावच नव्हतं. रामजीनं ठरवलं, तिचंच द्यायचं. मात्र ते त्यानं कागदावर लिहून आणलं. बायकोचं नाव तो चारचौघांत कधी घेत नसे, आणि ती गेल्यापासून तर ते घशातच अडकत होतं.

कॅफेवाल्या अस्मितानं कागद वाचला. "वेबसाइटसाठी हे नाव आधीच कुणीतरी घेतलंय, काका. पण ही गंमत बघा. मंजु, मग टिंब, मग ला."

"ला नाय. ळा."

"इंग्रजीत ळ नाही. हा 'ला' लाओस देशाचा. प्रत्येक देशाला अशी अक्षरं दिलेली असतात, नावाच्या शेवटी लावायला."

"त्यांची अक्षरं आपल्याला कशी देतील? आपण काय त्यांच्या गावचे हाव?"

"काही देश नाहीच देत. तिथं राहणारा माणूस लागतो. हे कुणालाही देतात."

रामजी पडद्याकडे बघतच राहिला. त्याच्या गावकीत पालखीला खांदा द्यायचा तरी आधी विचारत, तू कुणाचा? आणि इथं एक अख्खा देश ओळख ना पाळख, दार उघडून बसला होता.

"मानाचा नारळ?"

"नको. पैसे भरायचे आणि दर वर्षी नूतनीकरण करायचं, बस."

परतीच्या एसटीत गावातली रखमा शेजारी येऊन बसली. "काय काम काढलंस रे म्हाडाला?"

"तिची नोंदणी केली," रामजी म्हणाला.

"तिची? कुणाची?"

नाव काही रामजीच्या तोंडी येईना. तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "लाओसची हाय. परदेशी. पण लगेच हो म्हणाले बघ. अट नाय, काय नाय."

"अगो बाय! आता?"

"आता काय, दर वर्षाला नवी करायची."

पोलादपूर येईपर्यंत रखमा त्याच्याकडे टकमक बघत राहिली. गावात उतरल्यावर मात्र ती दारोदार सांगत सुटली.

तिन्हीसांजेला देवळापुढं गावकी बसली. सगळ्यात पुढं रामजीच्या बायकोची थोरली बहीण चंद्रभागा, पदर खोचून.

"वरीस झालं नाय माझ्या भयनीला, आणि तू रजिस्टर लगीन केलंस?"

"परदेशी बाई गावच्या रीतीत बसत नाय," गावकीचा म्होरक्या चांगू म्हणाला.

मागून एका म्हाताऱ्यानं हळूच विचारलं, "पण दर वर्षाला नवी, हे कुठं जमवतात रे?"

"गप रे!" चंद्रभागा कडाडली. "नाव काय तिचं? सांग नाव!"

रामजी उभा राहिला. दोनदा तोंड उघडलं, दोनदा मिटलं.

"मंजुळा," तो म्हणाला. मग मोठ्यानं, "मंजुळा! दुसरी कोण असणार?"

मग त्यानं सगळं सांगितलं, टिंबासकट.

"कशेडीच्या पलीकडं गेली नाय ती कधी," तो म्हणाला. "इथं घरपट्टीवर माझं नाव, खाणावळीच्या परवान्यावर माझं. गावकीत तर बाईचं नाव लागतच नाय. आणि त्या लोकांनी विचारलं पण नाय, बाई हाय का बुवा, जिती हाय का मेलेली. घेतली आपली."

चांगूनं टोपी काढून मांडीवर ठेवली. "मोठ्या मनाचा देश म्हणायचा," तो म्हणाला. "एखादा नारळ तरी पाठवायला हवा, रामजी."

चंद्रभागानं पदरानं डोळे पुसले. घरी निघताना तिनं रामजीला बाजूला घेतलं.

"माझ्या नावाचा शेवट 'गा'नं होतो. तसा देश हाय का रे कुठं?"

"असंल. विचारतो अस्मिताला. पण सगळेच परक्याला घेत नाय."

"विचार तर खरं," चंद्रभागा म्हणाली. "आणि तिथली गावकी आडवी आली, तर मला सांग. मी येते बोलायला."