पिकअपचं ऊन पाणी

मल्हारीची पिकअप थंडीत कधीच बंद पडत नाही! हे अर्थात मल्हारीचं म्हणणं. गावाचं म्हणणं वेगळं होतं, पण ते मल्हारीच्या तोंडावर कुणी बोलत नसे. त्याच्या गाडीला नावं ठेवली की पोटच्या पोराला कुणी नकटं म्हटल्यासारखं त्याचं तोंड व्हायचं.

त्या दिवशी संध्याकाळीसुद्धा इनामगावच्या टपरीवर, कानाला मफलर गुंडाळून, त्यानं सगळ्यांना ऐकवलं.

"उद्या पाचला निघतो. सातला वरवंड. धा वाजायच्या आत अक्का आबांच्या उशाशी!"

सोसायटीचे चेअरमन बापूसाहेब चहा फुंकत म्हणाले, "मल्हारी, थंडी लई पडलीय. माझी जीप ने की."

"बापूसाहेब, जुनं डिझेल इंजिन हाय ते! अर्ध्या चावीला बोलतंय!"

आता ही अक्का कोण, ते सांगायला पाहिजे. अनसाबाई म्हणजे मल्हारीची थोरली बहीण, वरवंडला दिलेली. सहा वर्षांपूर्वी तिच्या लेकीचं लग्न होतं आणि रुखवत न्यायचा मान मामाचा. मामानं ते पिकअपमध्ये भरलं. जानेवारीची थंडी! चौफुल्यावर चहाला गाडी बंद केली ती पुन्हा चालूच होईना. रुखवत मांडवात पोचलं तेव्हा वऱ्हाडी हात धुऊन पान खात होते. अनसाबाई चारचौघांत म्हणाली, "मल्हारी, आजपास्नं तुझं तोंड बघायची न्हाई मी." आणि सहा वर्षं तिनं ते खरं करून दाखवलं.

इकडं बिरदेव आबा, म्हणजे मल्हारीचे वडील, पंधरा दिवस खाटेला लागले होते. उभा जन्म मेंढरांमागं चालला तो माणूस, आता कूस बदलायलाही दोघं लागत. डॉक्टरांनी शिरूरहून घरी पाठवलं आणि म्हणाले, "सेवा करा." सेवा करा म्हणजे काय, ते खेड्यातल्या माणसाला बरोबर कळतं. मल्हारीला तर घास जाईना. रात्री आबांना न्यायची वेळ आली तर गाडी तयार असावी, म्हणून तो रोज पहाटे चारला उठून ती चालू करून बघायचा. आणि काल आबा त्याला म्हणाले होते, "अनसाला आण. तिच्याशी बोलल्याबिगर मी जात न्हाई." बापानं शेवटचं मागितलंय आणि तेही आपल्याला जमलं नाही तर?

पहाटे चारला तो उठला. घोडनदीवरनं असं धुकं आलेलं की अंगणातली गाडी दिसेना! चाचपडत आत बसला आणि चावी फिरवली. अशा गाडीला आधी इंजिनातले हीटर तापू द्यावे लागतात. चार हीटर, त्यातले दोन गेल्या हिवाळ्यातच जळलेले. "एवढ्यात काय बदलायचे!" असं म्हणत त्यानं अख्खं वर्ष काढलं होतं.

"घर्र... घर्र... घर्रर्र..."

मल्हारीनं देवाचं नाव घेतलं. गाडीनं घेतलं नाही. तासभर तो चावी मारत राहिला आणि शेवटी बॅटरीनं दोन आचके दिले नि मान टाकली.

"शेवंता! पाणी तापव! मोठ्या पातेल्यात! इंजिनाच्या पंपावर ऊन पाणी वतलं की जाम झालेलं सुटतंय, मग ढकलून चालू करू!"

शेवंताबाई पदर आवळत बाहेर आली. "लाइट गेलीय. ग्यासवर एवढं पातेलं बसत न्हाई."

"मग अंगणात मांड की तीन दगडं!"

"अवो, काय बोलताय? दारात पाणी तापवत्यात व्हय? माणूस गेल्यावर तापवत्यात!"

"यंत्राला कसलं आलंय शुभ-अशुभ! मांड तू!"

तिनं चूल मांडली. ओल्या गोवऱ्या, ढीगभर धूर! शेवंताबाईचे डोळे असे वाहायला लागले की पदर डोळ्यांचा निघेना. आणि मल्हारी बंद गाडीच्या पायरीवर डोकं धरून बसला. त्याला खरंच रडू येत होतं. साडेपाच वाजले होते, धा वाजायच्या बाता मारलेल्या आणि आत आबा खोकत होते.

एवढ्यात बापूसाहेब फिरायला निघाले. धुक्यात त्यांना दिसलं ते एवढंच: दारात जाळ, जाळावर पाणी, शेवंताबाईच्या डोळ्याला पदर आणि मल्हारी डोकं धरून बसलेला. या मुलखात हे चित्र कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

ते जवळ आले. मल्हारीच्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, "कवा रं?"

"पाचला," मल्हारी मान न उचलता म्हणाला. "दोन आचके दिले आन् गप."

"वयच झालं व्हतं."

"तरी रोज पहाटं उठून बघत व्हतो, बापूसाहेब. मी काय कमी केलं का?"

"न्हाई रं बाबा. गाव बघतंय. तू बस, बाकीचं मी बघतो."

मल्हारीला वाटलं, देवमाणूस! जीप घेऊन येतोय! बापूसाहेबांनी मात्र घरी जाऊन गावाच्या ग्रुपवर टाकलं, 'बिरदेव आबा यांचे दुःखद निधन', आणि लगेच वरवंडला फोन लावला.

साडेसातपर्यंत अंगण भरलं. एकेक जण डोक्याला टॉवेल बांधून यायचा, मल्हारीपुढं हात जोडायचा आणि काही न बोलता भिंतीकडेला उकिडवा बसायचा. मल्हारीचा ऊर भरून आला. आपल्या गाडीला धक्का मारायला एवढ्या थंडीत तीस माणसं! आणि आपण समजत होतो, गाव आपल्याला हसतंय!

"बसलाय काय? उठा की! समदे मिळून एकदाच ढकलू!" तो म्हणाला.

माणसं एकमेकांकडं बघायला लागली. दुःखानं डोक्यावर परिणाम झालेला त्यांनी याआधीही पाहिला होता. शंकरराव तलाठी, रिटायर झालेले, समजुतीनं म्हणाले, "मल्हारी, घाई नको. लेक येऊ दे वरवंडवरनं."

"अवो, तिलाच आणायला जायचंय!"

"तिला निरोप गेलाय बाबा. निघाली ती."

"निघाली? आपसूक?" मल्हारीला खरं वाटेना. "माझ्या घरी?"

तेवढ्यात शेजारचा म्हाळू आला. त्याच्या खांद्यावर दोन हिरवे बांबू, काखेत कडब्याची पेंढी आणि हातात कोरं मडकं. ते त्यानं पिकअपला टेकवून ठेवलं.

"म्हाळू, बांबू कशाला?"

म्हाळू खाली बघत म्हणाला, "आबांसाठी."

मल्हारीनं बांबूकडं बघितलं, जाळावरच्या पातेल्याकडं बघितलं, मग तीस टॉवेलांकडं बघितलं. आणि त्या थंडीत त्याला दरदरून घाम फुटला!

"अरं, जित्ते हायेत आबा! गाडी मेलीय! पाणी गाडीसाठी..."

पण ते ऐकायला कुणाचं ध्यान होतं! रस्त्यावर एक जीप कचकन थांबली आणि धुक्यातनं हंबरडा आला.

"माझ्या आबाऽऽ! मला टाकून कुठं गेला रंऽऽ!"

मल्हारी आडवा धावणार तोच खिडकीतनं आबांचा, त्याला एकट्यालाच ऐकू जाईल असा क्षीण आवाज आला, "ए, थांब. बोलू दे तिला."

"आबा, ती रडतीया!"

"म्हंजी काय, रडंलच. गप, ऐकू येत न्हाई मला."

अनसाबाई दारातच बसली आणि ऊर बडवायला लागली. "मेंढरांच्या वाड्यावर माझ्यासाठी चिकाचं दूध राखून ठेवायचा रंऽऽ! सहा वरसं मी तोंड दावलं न्हाई रंऽऽ! भावाचा राग बापावर काढला! माझा मल्हारी येडा हाय, पर जिवाचा हाय! त्याला मी मांडवात बोलले रंऽऽ!"

मल्हारी भिंतीला धरून ढसाढसा रडायला लागला. त्यामुळं उरल्यासुरल्या लोकांचीही खात्री पटली. बापूसाहेबांनी तर खिशातनं कागद काढला आणि "आज आपल्यातून एक वटवृक्ष..." असं सुरूही केलं.

अनसाबाई उठून आत धावली आणि आबांच्या छातीवर पडली. आबांनी डोळे मिटूनच तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

"लई बोललीस. घोटभर पाणी पी."

तिनं जी किंकाळी फोडली ती ऐकून बाहेरची निम्मी माणसं वाट फुटेल तिकडं पळाली! बापूसाहेबांचा वटवृक्ष जागच्या जागी थांबला.

पुढची दहा मिनिटं काय सांगू! अनसाबाई आधी हसली, मग रडली, मग पायातली चप्पल हातात घेऊन मल्हारीवर धावली. "जित्त्या बापाचं पाणी दारात ठिवतोस? उभ्या वाटंनं मी ऊर बडवत आले! त्या खटाऱ्यापायी?"

मल्हारीनं तिचे पाय धरले. दोन फटके बसले होते, पण सहा वर्षांत अक्का पहिल्यांदा त्याच्याशी बोलत होती! "मार, अक्का! अजून मार! तू म्हणशील ते ऐकतो, पर आता बोलायची थांबू नगंस!"

"म्हंजी मी म्हणंल ते?"

"बिरोबाची आण!"

खाटेवरचे आबा कोपरावर उठून बसले. पंधरा दिवसांत पहिल्यांदा! त्यांनी अनसाबाईला जवळ बोलावलं. शेवंताबाईनं पुन्हा डोळ्याला पदर लावला, या खेपेला धुराशिवाय. मल्हारी हात जोडून पुढं सरकला, आबांचं शेवटचं बोलणं कानात साठवायला.

"अनसा," आबा म्हणाले, "ह्यो माझं ऐकत न्हाई. तुझं ऐकतो. एवढ्यासाठीच तुला बोलावली."

"बोला आबा."

"ती गाडी घालवा. रोज पहाटं चारला ह्यो चावी मारतो आन् ती माझ्यापरीस मोठ्यांदा खोकती. पंधरा दिस डोळ्याला डोळा न्हाई. झोपू बी देईना, मरू बी देईना."

मल्हारीला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. शेवटी बापूसाहेब हळूच म्हणाले, "रातीबेराती लागली तर माझी जीप दारात लावून ठिवतो, आबा."

दुसऱ्या दिवशी शिरूरहून भंगारवाला आला आणि साखळी लावून पिकअप घेऊन गेला. ती वळणाआड जाईपर्यंत अनसाबाई अंगणात पहारा देत उभी होती. मल्हारी गोठ्यात जाऊन बसला. त्याला बघवलं नाही.

त्यानंतरच्या पहाटे, सवयीनं, मल्हारीला चारला जाग आली. कुठं कसला आवाज नव्हता. आबांचा खोकलासुद्धा ऐकू येईना. अंधारात चाचपडत तो खाटेपाशी गेला आणि हात आबांच्या नाकापाशी धरला. काही कळेना, म्हणून आणखी जवळ नेला.

"जित्ता हाय रं," आबा म्हणाले. "आता तू नगं उठवूस."