यल्लप्पाच्या पडद्यावरचा दारुडा

आमच्या थिएटरचा ऑपरेटर यल्लप्पा पडद्यावरच्या माणसांशी बोलायचा. मी खाली बुकिंग क्लार्क. खेळ सुरू झाल्यावर वर केबिनमध्ये जावं, तर हा भिंतीतल्या भोकाला डोळा लावून हिरोला दम देत असायचा, "ठेव की खाली! लई झाली!" आणि स्वतःच्या तोंडाला दारूचा भपकारा.

त्या साली सोलापुरात एका दारुड्याचा पिक्चर लागला होता. हिरो पिऊन पिऊन घर घालवतो आणि शेवटी मरतो. बायका पदर भिजवून बाहेर पडायच्या.

तिसऱ्या आठवड्यात त्या रडेनाशा झाल्या, घाबरायला लागल्या. मी आत जाऊन पाहिलं आणि अंगावर काटा आला. हिरोच्या हातात पेलाच नव्हता. चांगला धडधाकट बसलेला माणूस एकदम झोकांड्या खायचा, बायकोला ओळखेनासा व्हायचा, रिकाम्या कोपऱ्याकडे बघून हसायचा.

"ह्याला भायेरचं लागलंय," कुंभारी गावची विड्या वळणारी एक बाई मला खिडकीत सांगून गेली. दुसऱ्या दिवशी पडद्याखाली कापलेलं लिंबू सापडलं.

मी वर धावलो. यल्लप्पाने बिस्किटाचा डबा उघडला. आत फिल्मचे तुकडे. प्रत्येकात ओठाला लावलेला पेला! हा रोज एक कापून उरलेली फिल्म चिकटवत होता.

"त्यानं एक सोडला की मीबी एक सोडतो, भाऊ. आमचं ठरलंय."

"कुणाशी?"

त्याने पडद्याकडे बोट दाखवलं. ते बोट थरथरत नव्हतं.

"आता एकच ऱ्हायलाय. मरायच्या आधीचा."

ही गंमत मीच शेठजींना सांगितली. हसतील असं वाटलं होतं. त्यांनी त्याच दुपारी सगळे तुकडे परत जोडायला लावले. यल्लप्पाने एकेक करून जोडले. मला माझ्याच जिभेचा राग आला.

तीनचा खेळ लागला. हिरो पेल्यामागून पेले रिचवू लागला, आणि "अगं, नुसती दारूच की!" म्हणत बायकांचा जीव भांड्यात पडला.

वर यल्लप्पा पडद्याकडे पाठ करून बसला होता. दम देत नव्हता. मध्यंतर झालं. गुत्ता थिएटरच्या मागेच होता. त्याने माझं मनगट घट्ट धरलं.

"भाऊ, भायेरनं कुलूप लावता का?"

मी कुलूप लावलं नाही. आतून कडी घातली आणि त्याच्या शेजारी बसलो.