भूपालअण्णांचं कडं

जावयाच्या डोक्यावरून पिंपाचं लोखंडी कडं खाली सोडून, ते पोटावर अडकल्याबरोबर "जावईबापू, तुमी बी जगाचं" असं शांतपणे सांगणारा सासरा मी आयुष्यात एकच पाहिला. ते आमचे सांगलीचे भूपालअण्णा मगदूम. जावई इचलकरंजीहून आरशाचं कपाट मागायला आला होता. कपाट त्याला मिळालं, पण तो जो रागावला तो पाण्यालाही थांबला नाही. अण्णा दारापर्यंत गेले आणि म्हणाले, "कपाट उभं न्या. आडवं घातलं की आरसा तडकतो."

त्या दिवसांत अण्णा घर बदलत होते. आठ खोल्यांचं घर सोडून त्यांना बस्तीच्या, म्हणजे जैन मंदिराच्या, मागच्या दोन खोल्यांत जायचं होतं. आठ खोल्यांचं सामान दोन खोल्यांत बसत नाही, हे गणित सगळ्यांनाच येतं. त्यापायी कुणी रडतं, कुणी भावकीशी भांडतं. अण्णांनी कडं काढलं.

अण्णा हळदीचे व्यापारी. हरिपुराकडे हळद ठेवायला जमिनीत पेवं खणलेली असतात, ती ज्यांनी पाहिली नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. पेव आतून खोलीएवढं ऐसपैस, पण वरचं तोंड जेमतेम एक माणूस उतरेल एवढं. हळद आत ओतायची, तोंडावर फरशी ठेवायची आणि चिखलानं लिंपून टाकायचं. मग दोन-दोन, तीन-तीन वर्षं ना कीड ना ओल. अण्णांचं एक पेव त्या साली रिकामं होतं. दोन खोल्यांत मावणार नाही ते सगळं तिथे ठेवायचं, असं त्यांनी ठरवलं. मात्र वस्तू पेवाच्या तोंडातून आत गेली पाहिजे. म्हणून तोंडाच्या मापाचं एक कडं त्यांनी जुन्या पिंपावरून उतरवून घेतलं आणि ते खांद्याला अडकवून ते घरभर हिंडू लागले. "ह्यातनं गेलं ते माजं. अडलं ते जगाचं." एवढाच कायदा. त्यावर अपील नाही.

मी जावळीतला, मेढ्याच्या वरच्या अंगाच्या डोंगरातला. आमच्या घराण्यात माझ्या आधी सही करणारासुद्धा कुणी झाला नाही आणि मी बी.ए. झालो. हे मी कुणापासून लपवून ठेवत नाही. वडील नाचणी विकून मला सांगलीला ठेवत होते आणि अण्णांनी त्यांच्या माडीवरची खोली मला चार वर्षं दिली होती. अण्णा मला नावानं कधी हाक मारत नसत. पहिल्या वर्षापासून "काय रं बी.ए." म्हणत, आणि मी खरोखरच बी.ए. झालो तेव्हा मोठ्या गंभीरपणे म्हणाले, "आता बदलायचं न्हाई म्हंजे बरं झालं."

त्या घरात दिवस मावळायच्या आत जेवण उरकत असे. ते जैन, त्यांचा नियम. एकदा मला कॉलेजातून यायला अंधार पडला. चूल विझलेली. अण्णांच्या पत्नी, आम्ही सगळे त्यांना अक्का म्हणायचो, ओसरीवर बसल्या होत्या. म्हणाल्या, "पुस्तकानं पोट भरलं आसंल तुजं." मग उठल्या, गोठ्यात गेल्या आणि रंगीचं दूध काढून तांब्या माझ्या हातात ठेवला. "नेम आमाला हाय. तुला न्हाई." अण्णा समोर बसून हे पाहत होते. त्यांनी टोपी डोळ्यांवर ओढली आणि झोप लागल्याचं सोंग केलं. सोंग वाईट केलं, कारण टोपीखालून म्हणाले, "तांब्या घासून ठिव म्हनावं."

रंगी म्हणजे अक्कांची म्हैस. तिला दुसऱ्या कुणाचा हात चालत नसे. एकदा अक्का चार दिवस लेकीकडे गेल्या, तर ह्या बाईनं चार दिवस घराला काळा चहा पाजला.

मार्गशीर्षात अक्का वारल्या. मी तेव्हा साताऱ्याला मास्तर होतो. मला दोन महिन्यांनी कळलं, तेही दुसऱ्याकडून. वैशाखात अण्णांचं कार्ड आलं. 'सुट्टीत ये. घर हलवायचं हाय. येताना चांगला दोर आन.' अक्कांबद्दल एक अक्षर नाही. मला राग आला, पण दोर घेतला. लढाईचे दिवस होते. कोळशावर चालणाऱ्या सर्व्हिस मोटारीनं स्टेशन गाठेपर्यंत माझा पांढरा सदरा मांजरपाटाचा आहे की घोंगडीचा हे ओळखू येईना.

मी पोचलो तेव्हा अण्णा कडं घेऊन जात्यापुढे उभे होते. रामराम नाही, कसा आलास नाही. "बी.ए., त्या बाजूनं धर." जातं कड्यातून गेलं. माझं झालं, म्हणाले. पितळी पराती गेल्या. तांब्याचा मोठा हंडा पोटाला अडला आणि जगाचा झाला. कापड नसलेल्या तीन छत्र्या सुखानं गेल्या. पलंग उकलून घातला तर जाईल असं मी सुचवलं. शिकलेल्या माणसानं सुचवावं अशीच ती सूचना होती. अण्णा म्हणाले, "मोडून घातली ती वस्तू न्हाई, सरपण." घड्याळ गेलं. बंद होतं ते. मी म्हटलं, बंद घड्याळ काय करायचं? तर म्हणाले, पेवात वेळ बगायला कोन जानार हाय?

एकदा कडं त्यांनी स्वतःच्याच अंगावर घातलं. ते सरळ पायाशी पडलं. "मी जातो," म्हणाले. वर्षभरात ते किती वाळले होते ते मला तेव्हा दिसलं. पण तेवढ्यात त्यांनी कडं उचलून पाटा मापायला घेतला होता.

अक्कांची लुगडी निघाली. सहा होती, बहुतेक इरकली. लुगडं कड्यातून जातं हे कळायला बी.ए. व्हावं लागत नाही. तरी अण्णांनी एकेक घडी वेगळी घेतली, कड्यातून अलीकडची पलीकडे केली, पुन्हा घडी नीट केली आणि मग दुसरं घेतलं. मला हसू आलं. मनात म्हटलं, व्यापारी गडी, तराजूवर माशी बसली तरी मोजणार. ती लुगडी त्यांनी एका पेटीत घातली आणि पेटी पेवात सगळ्यांत आधी, अगदी तळाला उतरवली. बाकीचं तिच्यावर.

सामान भरून झाल्यावर फरशी बसवली. अण्णांनी स्वतः चिखल कालवला, स्वतः लिंपलं, हात धुतले आणि म्हणाले, "झाकलं की झालं." हे त्यांचं दुसरं ब्रह्मवाक्य. झाकलेलं पेव सौदा ठरल्याशिवाय उघडायचं नाही. उघडून पाहणाऱ्या व्यापाऱ्याला ते व्यापारी म्हणत नसत, पोरगं म्हणत. एका धाकट्या भागीदाराशी त्यांनी ह्याच कारणानं सात वर्षं बोलणं टाकलं होतं.

राहिली रंगी. नव्या दोन खोल्यांना गोठा नव्हता, आणि रंगी कड्यातून जाणार नव्हती. कायद्याला अपवाद नको म्हणून अण्णांनी कडं तिच्याही पुढे धरलं. तिनं ते हुंगलं, शिंगात अडकवून घेतलं आणि रवंथ करत राहिली. "जगाची," अण्णा म्हणाले, पण कडं शिंगातून काढायला त्यांना बराच वेळ लागला.

हरिपुरात त्यांच्या पेवांवर देखरेख करणारा बंडू शिंदे म्हणून शेतकरी होता. रंगी त्याच्या गोठ्यात गेली. चौथ्या दिवशी बंडू दारात हजर.

"अण्णा, म्हस देखणी हाय. पन दूध चोरती वो. खाती दोघींचं, देती चुळीभर."

पेंड घालून पाहिली, सरकी घातली, बंडूच्या बायकोनं गाणंसुद्धा म्हणून पाहिलं. अक्का गेल्यापासून रंगीचं हे असंच होतं, हेही तेव्हा बाहेर आलं. अण्णांनी मला सांगितलं नव्हतं. बंडू गरीब माणूस. बिनदुधाचं जनावर त्याला झेपणार नव्हतं. त्याचं म्हणणं एवढंच, की उद्याचा दिवस बघतो, नाहीतर परवा मिरजेच्या बाजारात न्यावी लागेल. आटलेली म्हैस बाजारात कोण घेतं, हे त्यानं सांगितलं नाही. जैनाच्या उंबऱ्यावर ते बोलायचं नसतं, एवढं त्याला कळत होतं.

जाता जाता बंडू थांबला. "अक्कांचं एखादं वापरलेलं लुगडं न्हाई का? ते नेसून बसलं तर म्हस फसती. वासाला वळखत्यात त्या."

अण्णा कड्यावरचा गंज नखानं खरवडत होते. खरवडता खरवडताच म्हणाले, "पेवात हाईत."

"मग?"

"झाकलं की झालं."

बंडू गेला. मी मात्र गप्प बसलो नाही. गप्प बसायला शिकवणारा पेपर आम्हाला बी.ए.ला नव्हता. मी अण्णांना नाही नाही ते बोललो. तुमच्या मोडक्या छत्र्यांना जागा आहे, बंद घड्याळाला जागा आहे, आणि जिच्या दुधावर चार वर्षं मी वाढलो तिला नाही. अक्का असत्या तर हे कडं त्यांनी तुमच्याच गळ्यात घातलं असतं. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. मग आकाशाकडे पाहिलं आणि म्हणाले, "जेवून घे. दिस मावळतोय." ते स्वतः जेवले की नाही ते मी पाहिलं नाही. रागात होतो.

सकाळी उठलो तर अण्णा घरात नव्हते. कडं भिंतीला होतं. मी आणलेला दोर नव्हता.

चिंचांच्या रस्त्यानं मी हरिपूर गाठलं. पेवाची फरशी बाजूला पडली होती, लिंपण फोडलेलं होतं, आणि अण्णा तोंडापाशी उकिडवे बसले होते. शेजारी बंडू आणि एक कंदील. झाकलेल्या पेवात वारा नसतो. उघडल्याबरोबर उतरलेला माणूस वर येत नाही. म्हणून आधी कंदील सोडतात. विझला तर थांबायचं. अण्णांनी एकदा सोडला होता, तो विझला होता. रॉकेल कार्डावर मिळायचं तेव्हा. चमचाभर उरलं होतं, कंदील पुन्हा पुन्हा सोडून बघणं परवडणार नव्हतं. अण्णा सबंध सकाळ तसेच बसून राहिले. माझ्याकडे एकदाच पाहिलं आणि म्हणाले, "पोरगं झालो, गड्या."

दुपारी कंदील तळाला जाऊनही जळत राहिला. बंडू उतरतो म्हणाला. अण्णांनी धोतर खोचलं, दोर कमरेला बांधला आणि त्या तोंडातून सरळ खाली गेले. आतून बराच वेळ भांड्यांचे आवाज येत होते. वर आले ते एकच हिरवं इरकली लुगडं घेऊन. पराती नाहीत, जातं नाही. पेव त्यांनी पुन्हा लिंपून टाकलं. लुगडं नाकाशी धरून बंडूला विचारलं, "हळदीचा वास लागलाय. वळखंल का?"

बंडू म्हणाला, "आवं, अक्कांच्या हाताला दुसरा वास कवा होता?"

संध्याकाळी ऊन असतानाच धार काढायची वेळ झाली. आता जे सांगतो ते वाचून कुणी हसलं तर मी दोष देणार नाही. त्या वेळी बंडूची बायको तोंडात पदर कोंबून परड्यात पळाली होती. साठी उलटलेले, पांढऱ्या झुबकेदार मिशांचे, सांगलीच्या पेठेत ज्यांना लोक वाट देत ते भूपालअण्णा मगदूम धोतरावरून हिरवं लुगडं गुंडाळून, टोपी काढून, डोक्यावरून पदर घेऊन गोठ्यात शिरले. चरवी गुडघ्यांत धरून रंगीजवळ बसले. एक शब्द बोलले नाहीत. रंगीनं मान वळवली. पदर हुंगला, खांदा हुंगला, पुन्हा पदर हुंगला. मग तिनं असा एक लांब श्वास सोडला की अण्णांच्या मिशा हलल्या. आणि चरवीत धार वाजली.

चरवी फेसानं वर आली तरी अण्णा उठले नाहीत. कपाळ रंगीच्या कुशीला टेकवून बसून राहिले. त्यांची पाठ हलत होती ती धार काढल्यानं, असं मी तेव्हा धरून चाललो.

बाहेर आल्यावर त्यांनी लुगडं सोडलं आणि त्या दिवशीसारखीच घडी करायला घेतली. बाजार टळला होता. मला माझ्या कालच्या बोलण्याची लाज वाटत होती, आणि लाज वाटली की मी व्यवहाराचं बोलतो. म्हणालो, "अण्णा, काम झालं. आता लुगडं बंडूच्या बायकोला देऊन टाका. ती नेसून काढील धार. रोज दोन वेळा सांगलीहून इतकी पायपीट तुम्ही कशाला करायची?"

अण्णांनी एकदा रंगीकडे पाहिलं, माझं मनगट धरलं आणि मला गोठ्यापासून चार पावलं लांब नेलं.

"हळू बोल, बी.ए.," ते म्हणाले. "तिला अजून सांगितलं न्हाई."